गप्प झालेली आळी

मी नर्स होते, पण माझी निम्मी नोकरी लोकांच्या बाहेरच्या खोल्यांत झाली. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल, भिंतीवर लग्नातला फोटो, कोपऱ्यात शिलाई मशीन आणि मधे खाटेवर निमोनियाचा नाहीतर हार्टचा पेशंट. त्या खोलीचं हॉस्पिटल करायचं, हे माझं काम. आता या कामाला चांगली नावं आहेत, त्याच्या कंपन्या आहेत. आमच्या वेळी नाव नव्हतं.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमच्या डॉक्टरांचं छोटं नर्सिंग होम होतं. डॉक्टर सिंधी, बोलणं हिंदी-मराठीची खिचडी, हात मात्र सोन्याचा. खाटा मोजक्या आणि पेशंट अंबरनाथ, बदलापूर, पार वांगणीपासून येणारे. मोठं हॉस्पिटल म्हणजे मुंबई. कधी खाट रिकामी नसे, कधी पेशंट हलवण्यासारखा नसे, कधी घरचे म्हणत, काय व्हायचं ते घरी होऊ दे. मग डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणायचे, "चलो सिस्टर, घरपे वॉर्ड लगाते हैं."

घरी वॉर्ड लावायचा म्हणजे आधी खाटेच्या पायांखाली विटा, नाहीतर वाकून वाकून आमची कंबर जायची. सलाईनची काचेची बाटली अडकवायला भिंतीत खिळा, खिळा नसेल तर पडद्याचा रॉड. सिरिंजा आणि सुया स्वयंपाकघरात उकळाव्या लागत, म्हणून घरच्या बाईशी पहिल्या तासातच जमवून घ्यायचं. ऑक्सिजनचा सिलिंडर अंबरनाथच्या एमआयडीसीतून टेम्पोने येई. त्याच्याजवळ उदबत्ती लावू नका, हे प्रत्येक घरात बजावावं लागे, कारण आजारी माणसाच्या खोलीत लोक सगळ्यात आधी देव आणून ठेवतात. लाईट गेली तर घशातली थुंकी ओढायला पायाने दाबायचा पंप. हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायचं.

हॉस्पिटलात पेशंट आमच्या हद्दीत असतो. घरी आम्ही त्याच्या हद्दीत. तिथे भिंतीसुद्धा आपल्याकडे बघतायत असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. कॅम्प तीनमधल्या एका सिंधी आजीला निमोनिया झाला होता. तापात ती मला "अदी" म्हणायची, म्हणजे बहीण. तिची बहीण फाळणीत तिकडेच राहिली आणि केव्हाच वारली, हे सुनेने मला सांगितलं होतं. आजी माझा हात घट्ट धरून सिंधीत एकच विचारायची, घराला कुलूप लावलंस ना? सून मला अर्थ सांगायची, मी मान डोलवायची, आजी झोपायची. ताप उतरला त्या दिवशी तिने मला पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं आणि सुनेला विचारलं, ही कोण आणि ती दुसरी बाई कुठे गेली? सून हसली. मला काही हसू आलं नाही. त्या घरात मी दिवसभर एकटीच नर्स होते.

पण सांगायचं आहे ते गजाननबद्दल.

बदलापूर गावात, म्हणजे स्टेशनजवळच्या नव्या वस्तीत नाही, जुन्या गावात, एका आळीत त्याची पिठाची गिरणी होती आणि तिच्या मागे घर. वय तिशीचं. घरात आई भिमाबाई आणि बायको सुनंदा. गिरणीच्या घरघरीवर बोलायचं म्हणून त्याचा आवाज मोठा, आणि हसणं त्याहून मोठं. तो हसला की आळीच्या टोकाला कळायचं, असं लोक सांगत. मी हे ऐकलं ते नंतर. मी त्याला पाहिला तेव्हा त्याचा आवाज बंद झाला होता.

गिरणीच्या दगडाला टाकी लावताना, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून खरबरीत करताना, त्याच्या हातून छिन्नी निसटली आणि पायात घुसली. त्याने हळद आणि मशीनचं तेल लावून चिंधी बांधली आणि दळणं उरकली. आठवड्याभराने त्याचा जबडा जड झाला. भाकरी चावता येईना. अक्कलदाढ येत असेल असं सगळ्यांना वाटलं. मग मान ताठली, पाठ ताठली. आमच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दारातूनच त्याचा चेहरा पाहिला आणि चपला काढता काढता थांबले.

तो धनुर्वात होता. जखमेतून गेलेल्या जंतूचं विष नसांमध्ये उतरतं. मग कुठलाही धक्का पुरतो. भांडं पडलं, दिवा लागला, कुणी नकळत पायाला हात लावला, की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात आणि माणूस डोकं आणि टाचा एवढ्यावरच टेकून धनुष्यासारखा उचलला जातो. छातीचे आणि गळ्याचे स्नायू आवळले की श्वास थांबतो. आणि यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. बेशुद्ध होण्याची दया या आजारात नाही.

डॉक्टरांनी मुंबईला न्यायचं ठरवलं. शेजारच्याची जीप आणली, मागे गादी घातली, गजाननला हलक्या हाताने आत ठेवलं. कुणीतरी सवयीने जीपचं दार आपटून लावलं. त्याबरोबर त्याचं अंग कमानीसारखं उठलं, दात करकरले, ओठ निळे झाले. झटका ओसरेपर्यंत आम्ही सगळे जीपभोवती नुसते उभे होतो. डॉक्टर घाम पुसत मला बाजूला घेऊन म्हणाले, या रस्त्याने नेला तर शिळफाट्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही. तिथल्या वॉर्डातही त्याला अंधारात, शांततेतच ठेवणार. अंधार आणि शांतता आपण इथेच देऊ.

अंधार सोपा होता. गिरणीतली गोणपाटं आम्ही खिडक्यांवर ठोकली, म्हणजे ठोकली नाहीत, दोरीने बांधली, कारण हातोडा चालणार नव्हता. धनुर्वाताविरुद्धचं सिरम दिलं, जखम उघडून साफ केली, झोपेच्या औषधाचं सलाईन लावलं, नाकातून पोटात नळी घातली. कोपऱ्यात ऑक्सिजन. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवायची वेळ आली तर त्याचंही सामान उकळून झाकून ठेवलं. दिवसा मी आणि रात्री दुसरी सिस्टर. डॉक्टर रोज यायचे ते आळीच्या तोंडाशी स्कूटर बंद करून चालत.

शांतता मागावी लागली. गिरणी तर बंदच होती. सुनंदाने घरातलं घड्याळ उतरवून चुलत सासऱ्यांकडे पाठवलं. बिजागऱ्यांना तेल घातलं. भांडी पोत्यावर ठेवून घासायला लागली. मी आळीतल्या घराघरांत जाऊन हात जोडले. गावकरी समजूतदार. कोंबड्या नातेवाइकांकडे गेल्या. हातपंपाच्या दांड्याला चिंध्या गुंडाळल्या. कुत्र्यांना कुणी रानाकडे घेऊन गेलं. नवरात्र तोंडावर होतं, तर देवळातल्या घंटेचा लोळा फडक्यात बांधला.

पण खरी पंचाईत गजाननच्या चेहऱ्याची होती. धनुर्वातात चेहऱ्याचे स्नायू मागे ओढले जातात. भुवया वर चढतात, ओठ दोन्ही बाजूंनी ताणले जातात, दात दिसत राहतात. दिसायला ते हसू असतं. पुस्तकात मी ते वाचलं होतं, वॉर्डात एकदा पाहिलंही होतं. पण वॉर्डातल्या त्या माणसाचं नेहमीचं हसणं मला ठाऊक नव्हतं. इथे सगळा गाव गजाननच्या हसण्याला ओळखत होता. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावले की खाटेवर आधी ते दात दिसायचे. वर त्याचे डोळे दाराकडे लागलेले. ते हसत नव्हते.

भिमाबाई दोन दिवस खोलीत आल्या आणि मग उंबऱ्याच्या आत यायच्या बंद झाल्या. बाहेर ओट्यावर बसून राहायच्या. एकदा मला पदराला धरून म्हणाल्या, "त्यो माझा पोर नाय, बाई. माझा पोर मरताना हसंल काय?"

मी त्यांना स्नायूंचं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या.

सुनंदाचं वेगळं. ती अंबरनाथची, शाळा शिकलेली, माझं बोलणं तिला पटायचं. नळीतून दूध-अंडं द्यायला, चादर बदलायला ती सतत माझ्याबरोबर असे. पण त्याच्या चेहऱ्याकडे ती बघत नसे. पायाकडे, हाताकडे, सलाईनच्या बाटलीकडे बघे. काम संपलं की खाटेजवळ जमिनीवर बसे, त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून.

पहिला आठवडा असा गेला. दिवसातून कितीतरी झटके यायचे, पण औषध वाढवत आम्ही ते आवरत होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं की आळीत काहीतरी बदललंय.

मी रोज सकाळी रिक्षा हमरस्त्याला सोडून चालत यायची. पहिल्या दिवसांत लोक आळीत कुजबुजत आणि बाहेर पडले की मोकळे बोलत. आता ते बाहेरही कुजबुजत होते. विहीर आळीपासून बरीच लांब होती, तिथून ओरडलं असतं तरी गजाननपर्यंत पोचलं नसतं. तिथे दोन बायका पाण्याच्या नंबरावरून भांडताना मी पाहिल्या. चेहरे लाल, हातवारे डोळ्यांत बोटं घालण्याइतके, आणि तोंडातून फक्त वारा. मी म्हटलं, अहो, इथे मोठ्याने बोललात तरी चालेल. एक जण कुजबुजत म्हणाली, "आवाज निघत नाय बाई आता."

दुसऱ्या दिवशी देवळापाशी एक लहान मुलगी पळताना पडली. गुडघा फुटला. तिने आईकडे बघत तोंड पूर्ण उघडलं, गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि आवाज काहीच नाही. मी इतक्या वर्षांत रडणारी खूप माणसं पाहिली. तसं रडणं पाहिलं नाही. आईने तिला उचललं आणि दोघी घरात गेल्या.

नवरात्राची आरतीसुद्धा तशीच झाली. माझी ड्यूटी संपता संपता मी देवळाजवळून जात होते. माणसं भरलेली, दिवे लागलेले, सगळ्यांचे ओठ हलत होते. टाळ्यांसाठी हात जवळ येत आणि टेकायच्या आत थांबत. मी चप्पल काढून जरा वेळ उभी राहिले आणि मग मला तिथे उभं राहवेना. एवढी शांतता मीच मागितली होती. आता ती माझ्या हातात राहिली नव्हती.

त्याच दिवसांत एका दुपारी मी आतल्या खोलीत औषध भरत होते आणि सुनंदा धावत आली. भिमाबाईंनी बेलवलीच्या पलीकडच्या वाडीवरून भूतबाधा काढणाऱ्या धाकू भगताला बोलावलं होतं. मी बाहेर आले तर ओट्यावर एक वाळका म्हातारा बसलेला. बाजूला मोरपिसांचा कुंचा, नारळ, धुपाचं मडकं आणि डफासारखं एक वाद्य. भिमाबाईंनी मला काही बोलायच्या आत सांगितलं, "तू सुई मार, मी नको नाय बोलत. पन मना ह्यो करू दे."

मला राग आला नाही असं नाही. पण खोलीत धूर गेला असता तर गळा आवळला असता, आणि त्या वाद्यावर एक थाप पडली असती तर पुढचं मला सांगायची गरज नाही. माझ्यापुढे दोन वाटा होत्या, भांडायचं किंवा समजवायचं. भांडायचं, तर तोही आवाजच. मी धाकू भगतासमोर खाली बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. वाजवायचं नाही, धूर नाही, दिवा नाही, हात लावायचा नाही. हे चारही चालत असेल तर आत या.

त्याने चारही गोष्टी बोटांवर मोजल्या. मग विचारलं, "त्याला आयकू येतं?"

"सगळं येतं," मी म्हटलं. "तो पूर्ण शुद्धीवर आहे."

"म्हंजे आत जागा हाय त्यो." त्याने वाद्य उचलून भिमाबाईंच्या हातात दिलं. "मंग त्याला आदी सांगा मी कोन हाय. अचानक माझा तोंड बघल तर घाबरंल."

इतक्या दिवसांत खोलीत शिरताना परवानगी घ्यावी असं फार थोड्या लोकांना सुचलं होतं. मी आत जाऊन गजाननच्या कानाशी सांगितलं, आईने धाकू भगताला आणलंय, तो फक्त उभा राहील, नको असेल तर डोळे मिट. त्याने डोळे मिटले नाहीत.

भगत आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याने सगळं केलं जे तो एरवी करत असेल, फक्त आवाजाशिवाय. ओठ हलत होते. मान आधी हळू आणि मग जोरात घुमायला लागली. कुंचा हवेतून फिरत होता पण एक पीससुद्धा सळसळलं नाही, एवढा त्याने तो दाबून धरला होता. बाहेर भर दुपार, आत गोणपाटातून येणारा पिवळा उजेड, एक म्हातारा मुकाट्याने घुमतोय आणि खाटेवरून गजानन दात दाखवत त्याच्याकडे बघतोय. माझा हात सलाईनच्या चावीवर होता. झटका आला नाही. उलट त्याची नाडी मी धरली होती ती जरा सावकाश झाली.

थांबल्यावर भगताने पुढे वाकून गजाननच्या डोळ्यांत पाहिलं. कुणीच इतका वेळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. मग तो बाहेर आला, धोतराच्या सोग्याने घाम पुसला. भिमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आत भायेरचा कोन नाय," तो म्हणाला. "त्यो एकलाच हाय."

नारळसुद्धा न घेता तो गेला. भिमाबाई जरा वेळाने उठल्या, उंबरा ओलांडून आत आल्या आणि लेकाच्या उशाशी उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या रोज येत राहिल्या.

मी मात्र त्या वाक्याने हलले. एकलाच हाय. मी तोवर श्वास मोजत होते, थेंब मोजत होते, लघवी मोजत होते. आत अडकलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही, पण आवाजाच्या भीतीने मी ते बाजूला ठेवलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अचानक आवाज नको. एकसारखा, हळू, ओळखीचा आवाज चालेल. मग मी सुनंदाला सांगितलं, त्याच्याशी बोल.

ती बोलायला लागली. भिंतीकडे तोंड करून, पुटपुटल्यासारखं. कुणाकडे काय शिजलं, माहेरून कोण आलं, गिरणीत उंदीर झालेत. तासन् तास. मला कधी कधी वाटायचं ती भिंतीलाच सांगतेय. पण ती बोलत असली की झटके कमी येत, हे माझ्या नोंदीत दिसत होतं.

पुढचा प्रसंग दसऱ्याच्या आधीचा. सकाळपासून उकडत होतं. दुपारी मी ओट्यावर आले तर आळीतली सगळी माणसं बाहेर उभी राहून एकाच दिशेला बघत होती. मलंगगडाच्या बाजूने काळं आभाळ चढत होतं. परतीचा पाऊस. आमच्याकडे तो गडगडाटाशिवाय येत नाही.

सगळ्यांच्या मनात एकच होतं. कोंबड्या पाठवल्या, घंटा बांधली, याला कसं थांबवणार?

मी वाण्याच्या दुकानातून डॉक्टरांना फोन केला. ते ऑपरेशनमध्ये होते, फोनवर आले तेव्हा आवाजात घाई होती. म्हणाले, औषध वाढव. मी म्हटलं, आणखी वाढवलं तर श्वास मंदावेल. "तो फिर तू उसके लिए साँस ले," ते म्हणाले. "मैं निकलता हूँ."

मी परत आले तोवर लोकांनी सुरुवात केली होती. माणसं छपरावर चढून पेंढा पसरत होती, म्हणजे पावसाचा ताशा वाजायला नको. बायकांनी घराघरांतल्या गोधड्या आणून खिडक्यांवर आणि दारावर बांधल्या. एवढी धावपळ आणि पायांचासुद्धा आवाज नाही. मी गजाननच्या कानात कापूस घातला, वरून उशा लावल्या. त्याला सांगितलं की वीज कडाडणार आहे, मी औषध वाढवतेय, तुझा श्वास अडला तर मी देईन. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंड तसंच हसत होतं.

मी औषध वाढवलं. भिमाबाईंनी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुनंदा तिच्या जागी बसून सांगत होती, लोक छपरावर पेंढा घालतायत, अमका चढलाय, तमक्याने गोधडी दिली.

पहिला गडगडाट दुरून आला. त्याचं अंग थरथरलं आणि थांबलं. दुसरा जवळून. मग वीज कुठेतरी नदीच्या अंगाला पडली असावी, कारण जमीन हादरली. गजाननची पाठ खाटेवरून सुटली. मान मागे गेली, छाती दगडासारखी झाली, आणि श्वास थांबला. मी ऑक्सिजन जोडलेली काळी रबरी पिशवी त्याच्या तोंडा-नाकावर दाबली, पण हवा आत जाईना. गळाच मिटला होता. त्याचे ओठ निळे, मग राखाडी झाले. मी सलाईनमधून आणखी एक इंजेक्शन सोडलं. ते अंगात पोचेपर्यंतचा वेळ नर्सलाच माहीत असतो, तो कशात मोजता येत नाही. गळ्याला भोक पाडायचं सामान हाताशी होतं. ते काम माझं नव्हतं, आणि ते करू शकणारा माणूस अंबरनाथच्या रस्त्यावर कुठेतरी पावसात होता.

मग छाती एकदम मऊ पडली. पिशवीतली हवा आत गेली. छाती उचलली, बसली, पुन्हा उचलली. आता तो स्वतः श्वास घेत नव्हता. माझ्या हातावर चालला होता. वर आभाळ फुटत होतं आणि तो सैल पडून होता. झोपेच्या औषधाने त्याचा चेहराही सैल झाला. ओठ मिटले, भुवया खाली आल्या. मी तेव्हा पहिल्यांदा गजाननचा खरा चेहरा पाहिला. मी सुनंदाला म्हटलं, वळून बघ. ती वळली नाही. म्हणाली, "असा दिसला म्हणजे गेला ना?"

मी म्हटलं, नाही, श्वास चालू आहे. तरी ती वळली नाही. तिचं बोलणं मात्र थांबलं नाही.

डॉक्टर आले ते ओलेचिंब. आत येऊन त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. माझी बोटं वाकडीच राहिली होती. दारावरची गोधडी बाजूला करून मी बाहेर आले, तर सगळी आळी पावसात उभी होती. म्हातारी माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, छपरावरून उतरलेले, सगळे माझ्याकडे बघत. मी मान हलवली, आहे म्हणून. एकानेही आवाज केला नाही. हळूहळू एकेक जण आपापल्या घरात गेला.

त्यानंतर उतार पडला. झटके विरळ झाले. दिवाळीच्या सुमारास जबडा दोन बोटांइतका उघडायला लागला. पहिलं वाक्य बोलायला त्याने बराच वेळ घेतला. ते त्याने मला उद्देशून म्हटलं. "सुनंदाला सांगा, इकडं तोंड कर." 

तिने ऐकलं. ती वळली. पण चेहऱ्याचा ताण सगळ्यात शेवटी जातो, ओठ अजून ओढलेलेच होते. तिने पाहिलं आणि ती उठून बाहेर गेली. त्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मी हसत नव्हतो, सिस्टर. मी आरडत होतो. पहिल्या दिसापासून."

आम्ही सामान बांधलं. निघताना डॉक्टरांना मी सुनंदाचं सांगितलं. ते ट्रंकेची कडी लावत म्हणाले, "बीमारी गई, सिस्टर. बाकी अपने ट्रंक में नहीं है." घराचं हॉस्पिटल करायला मी कामातून शिकले होते. हॉस्पिटल उठल्यावर त्याचं परत घर कसं करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही ते कधी नीट जमलं नाही. त्या वेळी थोडे दिवस जात-येत राहिले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पुढे नव्वदच्या दशकात बदलापूर भराभर वाढलं. माझ्या भाच्याने बेलवलीत फ्लॅट घेतला, तिथे वास्तुशांतीला गेले होते. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून चालत गावात गेले. आळीत शिरायच्या आधीच गिरणीची घरघर ऐकू आली. लोक ओरडून बोलत होते, कुठेतरी रेडिओ लागला होता. मला उगीचच बरं वाटलं.

गजाननने मला लगेच ओळखलं. केसांवर, भुवयांवर पीठ. आईला जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाला. गिरणी पोराच्या हवाली करून मला मागे घरात घेऊन गेला. सुनंदा जाडसर झाली होती. तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. चहा झाला. त्या दिवसांचा विषय कुणी काढत नव्हतं. मग तोच गिरणीवरच्या कुठल्याशा गिऱ्हाईकाची गंमत सांगायला लागला. एक म्हातारी रोज आपलं पीठ मोजून घेते आणि म्हणते, तुझा दगड पीठ खातो. सांगता सांगता त्याला हसू यायला लागलं. मी पाहिलं, त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि सगळं तोंड झाकून घेतलं. टॉवेलच्या आतून ते मोठं हसणं आलं, आळीच्या टोकाला कळेल असं. खांदे गदगदत होते.

सुनंदा कपबशा तशाच ठेवून त्याच्याजवळ गेली आणि उभी राहिली. तिच्या तोंडावरही हसू होतं, पण ती त्याचं हसणं संपायची वाट बघत थांबली होती. टॉवेल शांत झाला तेव्हा तिने विचारलं, "झालं?"

"झालं," तो आतून म्हणाला.

मग तिने स्वतःच्या हाताने टॉवेल खाली केला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.